सोमवारी सकाळी जास्त थकवा : एका सुट्टीचं प्रकरण

तक्रार एका वाक्याची होती. "शुक्रवारी संध्याकाळी मी जेवढी दमलेली असते, त्याहून जास्त सोमवारी सकाळी दमलेली असते."

तक्रार करणारी एका मध्यम आकाराच्या कंपनीत अकाउंट्स सांभाळते. वय सदतीस-अडतीस, हाताखाली चार माणसं. घरी नवरा आणि आठ वर्षांचा मुलगा. शनिवार-रविवार दोन्ही दिवस हक्काची सुट्टी. नोकरीला कंटाळलेली नाही, घरात भांडणं नाहीत. प्रकरण नमुन्यादाखल रचलेलं आहे, कुणा एकीचं नाही. पण असा सोमवार अनेकांच्या ओळखीचा असेल.

आधी शरीर तपासून घेतलं. रक्तातलं हिमोग्लोबिन, थायरॉइड, साखर, बी-१२. घोरणं, झोपेत श्वास अडकणं असलं काही नाही. आवडत्या गोष्टींतला रस गेलाय का, सतत उदास वाटतं का, हेही डॉक्टरांनी विचारलं. कुठेच काही निघालं नाही. ही पायरी मुद्दाम सांगतो, कारण ती सर्रास गाळली जाते. रक्त कमी असलेल्या माणसाला 'जरा सुट्टी एन्जॉय करत जा' असं सांगणारे आपल्या आजूबाजूला कमी नाहीत. थकवा कित्येक आठवडे हटत नसेल तर वेळापत्रकाला हात लावण्याआधी डॉक्टरांकडे जाऊन यावं.

तिचं स्वतःचं निदान ठरलेलं होतं: झोप पुरत नाही. त्यावरचा इलाजही ठरलेला: शनिवार-रविवार मनसोक्त झोपायचं. आणि ती तसं करतही होती. मग थकवा जात का नव्हता?

दोन शनिवार-रविवारांची नोंद

तिला एकच काम दिलं. लागोपाठ दोन शनिवार-रविवार जे जसं होईल तसं लिहून ठेवायचं. सुधारायचं काही नाही, फक्त लिहायचं. झोपेच्या वेळा, घरकाम, फोन, आणि ऑफिसचा विचार मनात आला तर ती वेळ.

झोपेचं चित्र असं निघालं. कामाच्या दिवशी ती साधारण बाराला झोपते आणि सहाला उठते. शुक्रवारी रात्री मुलगा झोपला, घर शांत झालं की 'आता माझा वेळ' म्हणून फोन किंवा मालिका, त्यात दोन वाजतात. शनिवारी उठायला दहा. शनिवारी रात्री तेच, रविवारी पुन्हा दहा. रविवारी दुपारी तीन ते पाच गाढ झोप. रात्री अकराला 'उद्या लवकर उठायचंय' म्हणून अंथरुणावर, आणि डोळा लागायला दीड. गजर सहालाच. म्हणजे ज्या रात्री झोपेची सर्वांत जास्त गरज, त्याच रात्री साडेचार तास.

इथे आळसाचा काही संबंध नाही, प्रश्न घड्याळाचा आहे. झोप कधी लागणार हे दोन गोष्टींवर ठरतं. एक, जागेपणी मेंदूत साचत जाणारा झोपेचा दाब. त्यात ॲडेनोसिन नावाच्या द्रव्याचा मोठा वाटा असतो. दुसरं, शरीराचं अंतर्गत घड्याळ, जे मुख्यतः उजेडावरून आपली वेळ लावून घेतं. या दोन्हींचा मिळून विचार करणारी मांडणी अलेक्झांडर बोर्बेली यांनी १९८२ साली केली आणि झोपेच्या अभ्यासात ती आजही पायाभूत मानली जाते. आता तिचा रविवार बघा. दहाला उठली, त्यात दुपारी दोन तास झोप झाली, म्हणून रात्री अकरापर्यंत पुरेसा दाब साचलेलाच नाही. दोन दिवस सकाळचा उजेड चुकला आणि रात्री उशिरापर्यंत दिवे चालू राहिले, म्हणून घड्याळ उशिराकडे सरकलेलं. शिवाय नेहमीच्या झोपेच्या वेळेआधीचे दोन-तीन तास असे असतात की तेव्हा शरीर झोपेला दाद देत नाही. पेरेट्झ लावी यांनी १९८६ मध्ये या काळाला झोपेचा 'निषिद्ध पट्टा' म्हटलं. दोन रात्री दोनला झोपलेल्या शरीराच्या दृष्टीने रविवारी रात्रीचे अकरा म्हणजे नेमका तो पट्टा. ती मात्र त्याला टेन्शन समजत होती. टेन्शन होतंच, पण ते झोप न लागल्यावर, अंधारात पडल्या पडल्या येत होतं.

कामाच्या दिवशी तिच्या झोपेचा मध्य पहाटे तीनला येतो, सुट्टीत सकाळी सहाला. या फरकाला टिल रोनेबर्ग आणि सहकाऱ्यांनी २००६ मध्ये 'सोशल जेटलॅग' असं नाव दिलं. तिच्या बाबतीत तो तीन तासांचा. दर शुक्रवारी विमानाने तीन तास पश्चिमेला जायचं आणि सोमवारी पहाटे परत यायचं, असं तिचं शरीर जागच्या जागी करत होतं.

मग जास्त झोपूच नये का?

असा निष्कर्ष काढायची घाई नको. या बाबतीत पुरावा दोन्हीकडे ओढतो. २००३ मध्ये हान्स व्हॅन डोंगेन, डेव्हिड डिंजेस आणि सहकाऱ्यांनी काही निरोगी माणसांना सलग १४ दिवस रोज सहाच तास झोपू दिलं. त्यांची लक्ष देण्याची क्षमता शेवटी इतकी घसरली की ती सलग एक-दोन रात्री अजिबात न झोपलेल्यांच्या पंक्तीला जाऊन बसली. त्याहून बोलकी गोष्ट म्हणजे त्या माणसांना आपण एवढे घसरलोय हे फारसं जाणवतच नव्हतं. आपली अकाउंट्सवाली वर्षानुवर्षं सहा तासांवर आहे आणि 'मला सहा तास पुरतात' असं अभिमानाने सांगते, हे इथे लक्षात ठेवायला हवं.

मग शनिवार-रविवारी ती तूट भरून निघते का? २०१९ मध्ये अमेरिकेतल्या कोलोरॅडो विद्यापीठातल्या गटाने हेच तपासलं. आठवडाभर कमी झोप, मग दोन दिवस हवं तेवढं झोपायला मोकळीक, आणि पुन्हा कमी झोप. इन्सुलिनला शरीराचा जो प्रतिसाद बिघडला होता, तो दोन दिवसांच्या जादा झोपेने सावरला नाही. उलट स्वीडनमधल्या एका मोठ्या गटाचा १३ वर्षं पाठपुरावा करणाऱ्या अभ्यासात वेगळं दिसलं: पासष्टीच्या आतल्या ज्या लोकांची झोप आठवडाभर कमी आणि सुट्टीतही कमी, त्यांच्यात मृत्यूचं प्रमाण जास्त होतं, सुट्टीत भरपूर झोपणाऱ्यांत ती वाढ नव्हती. हा निरीक्षणाचा अभ्यास आहे, त्यातून कार्यकारण सिद्ध होत नाही. तरी सुट्टीत जास्त झोपणं हा गुन्हा नाही, एवढं म्हणायला हरकत नसावी.

माझ्या मते तिच्यासाठी मुद्दा होता तो जादा झोप दिवसाच्या कुठल्या टोकाला जोडायची, हा. ती सगळी सकाळच्या टोकाला जोडत होती. तीच झोप रात्रीच्या टोकाला जोडली तर घड्याळ फारसं हलत नाही.

'घाई नाही'

नोंदवहीतला दुसरा भाग जास्त रोचक निघाला. "शनिवार-रविवारी मी ऑफिसचं काम करत नाही," असं ती सुरुवातीलाच ठामपणे म्हणाली होती, आणि ते जवळजवळ खरं होतं. पहिल्या शनिवारी ऑफिसचं प्रत्यक्ष काम झालं जेमतेम पंचवीस मिनिटं.

त्या शनिवारी सकाळी अकरा वीसला मॅनेजरचा मेसेज आला: "सोमवारी त्या दोन एन्ट्रींबद्दल बोलू. घाई नाही."

पुढच्या नोंदी तिच्याच शब्दांत. ११.२० : कुठल्या दोन? ११.४० : मागच्या आठवड्यातल्या असणार, त्या मीच अप्रूव्ह केल्या होत्या. १२.१० : लॅपटॉप उघडला, फक्त बघायला. १२.३५ : काही सापडलं नाही, बंद केला. १.१५ : जेवताना मुलगा काहीतरी सांगत होता, दोनदा 'हं' म्हटलं, काय सांगत होता आठवत नाही. ४.०० : आडवी झाले, डोक्यात तेच. १०.३० : फोनवर मेल परत चाळल्या.

सोमवारी बोलणं झालं चार मिनिटांचं. दोन खर्च कुठल्या हेडखाली टाकायचे, एवढंच मॅनेजरला विचारायचं होतं. त्याने मेसेज टाकला तो बहुधा आपण विसरू नये म्हणून. त्याच्या डोक्यातला विषय उतरला आणि तिच्या डोक्यात जाऊन बसला, शनिवारच्या ऐन मध्यावर. यात दुष्टपणा नाही. पण 'घाई नाही' हे दोन शब्द वाचणाऱ्याला थांबवत नाहीत, हे वरच्या पदावरच्यांनी एकदा समजून घ्यावं. पाठवायची वेळ सोमवारी सकाळी नऊची लावून ठेवायची सोय बहुतेक ठिकाणी असते, ती वापरावी.

अर्धवट राहिलेलं काम मनात जास्त रेंगाळतं, हे मानसशास्त्रज्ञ ब्लुमा झायगार्निक यांनी १९२७ मध्येच मांडलं होतं. २०११ मध्ये मासिकाम्पो आणि बाउमाइस्टर यांनी त्याला एक उपयोगाची जोड दिली: काम पूर्ण झालं नाही तरी ते कधी, कुठे, कसं करायचं याचा नेमका बेत आखला की त्याचे मध्येमध्ये येणारे विचार कमी होतात. म्हणजे मनाला काम संपलेलंच हवं असतं असं नाही, त्याची सोय लागलेली असली तरी चालतं.

धुणं, बिलं आणि सांगणं

घरकामाच्या नोंदींत तासांपेक्षा त्यांची विखुरलेली मांडणी डोळ्यांत भरली. शनिवारी मशीन लावलं, मध्येच मुलाच्या शाळेचा प्रोजेक्ट, मग कपडे वाळत, मग बिल भरलं, मग कुणाचा तरी फोन, मग अर्धं कपाट आवरलं. रविवारीही तसंच. दोन दिवसांत सलग दोन तास असे नव्हते की ज्यांत ती एकाच गोष्टीत होती.

नवरा काम करत नव्हता असंही नाही. नोंदवही त्याला दाखवली तेव्हाचं बोलणं तिने लिहून ठेवलं.

"अगं, मला सांगितलं असतंस तर मी केलं असतं."

"अरे, सांगणं हेच तर काम आहे."

तो गप्प झाला, रागावून नव्हे. त्याच्या वाट्याला कामं होती. काय उरलंय, काय संपलंय, कुणाचा वाढदिवस आहे, हे लक्षात ठेवणं सगळं तिच्याकडे होतं. दोन्ही दिवस एक यादी तिच्या डोक्यात चालू असायची, आणि त्या यादीला सुट्टी नव्हती.

विश्रांतीवर काम करणाऱ्या सबिने झोनेन्टाग आणि शार्लोट फ्रिट्झ यांनी २००७ मध्ये माणूस खऱ्या अर्थाने सावरतो ते कशाने, याचे चार घटक वेगळे काढले: कामापासून मनाने सुटणं, शांत सैलावणं, काहीतरी नवं शिकणं किंवा जमवून दाखवणं, आणि आपल्या वेळेवर आपला ताबा असणं. तिच्या नोंदवहीत दुसरा घटक थोडाफार सापडला, तोही रात्री बारानंतर. बाकीचे तीन जवळपास नव्हतेच. रात्री दोनपर्यंत जागण्याचा अर्थही इथे लागतो. संपूर्ण आठवड्यात तिच्या ताब्यातले त्या दोन रात्रींचे तेवढेच तास होते, म्हणून ती ते सोडायला तयार नव्हती. त्यांच्या बदल्यात दिवसाउजेडी काही दिल्याशिवाय 'लवकर झोप' हा सल्ला फुकट गेला असता.

काय बदललं, काय फसलं

पहिला प्रयत्न फसला. फोन दोन दिवस कपाटात ठेवायचा, असं तिने स्वतःच ठरवलं. कुठेतरी वाचलं होतं. शनिवारी दुपारपर्यंत तिची बेचैनी वाढली. आईचा फोन आला असेल का, शाळेच्या ग्रुपवर काय आलंय, ऑफिसात काही पेटलं असेल का. संध्याकाळी फोन काढला आणि साचलेलं सगळं वाचण्यात दीड तास गेला. असे कडक उपवास काहींना मानवत असतीलही. ज्याच्यावर घरची माणसं अवलंबून आहेत त्याला ते क्वचितच झेपतात. त्याऐवजी फोनमधून फक्त ऑफिसचं खातं शुक्रवारी लॉग-आउट करायचं ठरलं. टीमला आणि मॅनेजरला सांगून टाकलं: खरंच अडलं तर फोन करा, मेसेज मी सोमवारी वाचेन. पुढे महिनाभरात असा फोन एकदाच आला, आणि तो खरोखर गरजेचा होता.

शुक्रवारी निघण्याआधीची पंधरा मिनिटं राखून ठेवली. जे जे अर्धवट आहे ते कागदावर, आणि प्रत्येकापुढे पुढची नेमकी कृती. 'व्हेंडरचं बघणे' असं लिहिलं की तिचं डोकं चालूच राहायचं. 'सोमवारी साडेदहाला फरकाची यादी पाठवून खुलासा मागणे' असं लिहिलं की थांबायचं. हा फरक तिचा तिलाच दुसऱ्या आठवड्यात कळला. सगळ्या बदलांत सर्वांत स्वस्त आणि सर्वांत लवकर गुण देणारा हाच.

झोपेसाठी नियम एकच: सुट्टीतही नेहमीपेक्षा एका तासाहून जास्त उशिरा उठायचं नाही. झोप अपुरी वाटली तर रात्री लवकर झोपायचं, किंवा दुपारी तीनच्या आत अर्धा तास. पहिल्या शनिवारी सातला उठून ती दिवसभर चिडचिडी होती, दुपारी दोन तास झोपली आणि रात्री पुन्हा जागी. दुसरा शनिवार थोडा बरा. सकाळी उठल्यावर उजेडात अर्धा तास चालायला जाणं जोडलं, मुलालाही सोबत घेतलं, तेव्हा कुठे रात्री अकराच्या सुमाराला डोळे मिटायला लागले. चालण्याचा दुहेरी फायदा. आठवड्याचा सगळा व्यायाम एक-दोन दिवसांत उरकणाऱ्यांनाही त्याचा लाभ होतो, असं २०१७ मधल्या ६० हजारांहून अधिक लोकांच्या अभ्यासात दिसलं होतं. 'रोज जमत नाही म्हणून करतच नाही' ही सबब त्यामुळे उरत नाही.

घरकाम शनिवारी सकाळी नऊ ते बारा एवढ्यातच बसवलं, आणि तिघांनी मिळून. कामं वाटली नाहीत, खाती वाटली. कपड्यांचं खातं नवऱ्याकडे, म्हणजे साबण संपलाय हे लक्षात ठेवणंही त्याच्याकडे. पहिल्या आठवड्यात मुलाचा गणवेश धुवायचा राहिला आणि तिने तोंडाला कुलूप लावलं. ते सर्वांत अवघड गेलं, असं तिने लिहिलंय.

आणि रविवारी सकाळचे तीन तास तिचे. काय करायचं हे कुणी विचारायचं नाही. पहिले दोन रविवार तिला काही सुचेना, ती नुसती बसून राहिली. तिसऱ्या रविवारी माळ्यावरून शिवणयंत्र काढलं. लग्नाआधी ती शिवायची. चाकाला गंज, पट्टा सैल, नेढ्यात दोरा ओवायला चष्मा लागला. पहिल्या अभ्र्याची एक बाजू दुसरीपेक्षा आखूड झाली, उसवली, पुन्हा घातली. नोंदवहीत त्या सकाळी ऑफिसचा विचार एकदाही नाही. दोन्ही हात कापडावर असले की फोन उचलता येत नाही, आणि शिवण सरळ जातेय की नाही हे बघण्यात मन गुंतलं की एन्ट्री आठवत नाहीत. झोनेन्टाग-फ्रिट्झच्या चार घटकांतला तिसरा म्हणतात तो हाच. नुसतं लोळण्यापेक्षा थोडी मेहनत मागणारी गोष्ट जास्त ताजं करते, हे ऐकायला उलटं वाटतं, पण ती मेहनत रोजच्या कामापेक्षा वेगळ्या जातीची हवी. दिवसभर आकड्यांत असणाऱ्या माणसाला रविवारी कोड्यांचं पुस्तक कदाचित हे देणार नाही.

एका रविवारी फिरायला लांब गेले, घरी यायला रात्रीचे दहा झाले. मजा आली, आणि सोमवार पूर्वीसारखाच गेला. आता लांबचा बेत असेल तर शनिवारी.

सध्या कुठवर

दोन महिन्यांनंतर रविवारी रात्री ती साडेअकराच्या आत झोपते. सुट्टी आणि कामाच्या दिवसांतला झोपेच्या मध्याचा फरक तासाच्या आत आला. सोमवारबद्दल तिचे शब्द: "उत्साह वगैरे नाही, पण दमलेली नसते." कामाच्या दिवसांतली झोप सहावरून पावणेसातवर आली. प्रौढांना किमान सात तास हवेत असं झोपेच्या तज्ज्ञांच्या संघटना सांगतात, म्हणजे तूट अजून आहेच, आणि ती शनिवार-रविवारी भरण्यासारखी नाही. ती मंगळवार-बुधवारच्या रात्रीच भरावी लागेल.

यातल्या कुठल्या बदलाने किती फरक पडला हे सांगता येणार नाही. चार-पाच गोष्टी जवळजवळ एकदम बदलल्या, आणि त्याच सुमारास ऑफिसचं ऑडिटही संपलं, कामाचा ताण तसाही उतरला होता. दुसऱ्या कुणाच्या घरी शिवणयंत्राच्या जागी वेगळंच काही असेल. रात्रपाळी करणाऱ्यांना तर यातले झोपेचे हिशेब जसेच्या तसे लागूच पडत नाहीत.

महिनाअखेरीचा शनिवार मात्र अजून तसाच आहे. महिन्याचे हिशेब बंद करायच्या, म्हणजे क्लोजिंगच्या वेळी ती ऑफिसात असते, लॉग-आउट होत नाही, घरी यायला रात्र होते, आणि रविवारी सगळं पुन्हा दहा वाजेपर्यंतच्या झोपेवर येतं. इथे नोंदवही, चालणं, शिवण, कशाचाच उपयोग नाही, कारण हा सुट्टी कशी घालवायची याचा प्रश्न नाही, सुट्टी नसल्याचा आहे. तिने त्या शनिवारच्या बदल्यात पुढच्या आठवड्यात कॉम्प-ऑफ मागितला आहे, स्वतःसाठी आणि टीममधल्या चौघांसाठीही. एचआरने "बघतो" म्हटलंय. तिने मेलला उत्तर देऊन विचारलं, कधीपर्यंत बघता, तारीख द्या.